गिटार ‘अपग्रेड’ करायला दिली आणि कारखान्याचे चांगले पिकअपच गेले

पुण्यातल्या एका विद्यार्थ्याकडे स्क्वायरची (फेंडर कंपनीचा स्वस्तातला ब्रँड) क्लासिक व्हाइब स्ट्रॅट ही इलेक्ट्रिक गिटार होती. तक्रार साधी होती. जाड ई तार बाराव्या फ्रेटच्या (गळ्यावरची धातूची आडवी पट्टी) वर वाजवली की स्वर डुगडुगायचा, एकाच वेळी दोन स्वर वाजल्यासारखं वाटायचं आणि काही केल्या इंटोनेशन (गळ्यावर सगळीकडे स्वर अचूक लागणं) जमत नव्हतं. दुकानात सांगण्यात आलं की पिकअप (तारेचं कंपन विजेच्या संकेतात बदलणारे भाग) हलक्या दर्जाचे आहेत, सगळं बदलून घ्या. बिल झालं 22,000 रुपयांचं. त्यात नामांकित अल्निको (चुंबकाचा मिश्रधातू) पिकअपचा सेट 14,500, नवे पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचे रोधक) आणि टोनसाठी ऑइल कपॅसिटर 3,200, हाडाचा नट (गळ्याच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) 1,800 आणि मजुरी 2,500.

गिटार परत आली तेव्हा डुगडुग थांबलेली होती, त्यामुळे मालकाला काम चोख झाल्याची खात्रीच पटली.

मुळात ही तक्रार पिकअपच्या दर्जाची नव्हतीच. स्ट्रॅटच्या अल्निको सिंगल कॉइलमध्ये (एकाच वेटोळ्याच्या पिकअपमध्ये) प्रत्येक तारेखालचा खांब स्वतःच चुंबक असतो. पिकअप तारेच्या फार जवळ असला की चुंबक तारेला खेचतो, तार मोकळी थरथरत नाही आणि नेमकी जाड तारेवर, वरच्या फ्रेटला ही डुगडुग येते. उपाय म्हणजे पिकअपच्या दोन्ही बाजूंचे स्क्रू फिरवून तो खाली घेणं. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून खांबाच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजायचं: व्हिंटेज धाटणीच्या पिकअपला जाड तारेखाली 2.4 मिलिमीटर, बारीक तारेखाली 2 मिलिमीटर. एक स्क्रूड्रायव्हर आणि मिलिमीटरची पट्टी एवढंच लागतं. हे दुकानदाराला ठाऊक नसेल यावर विश्वास बसत नाही.

पिकगार्डचे (पिकअप ज्यावर बसवलेले असतात ते प्लॅस्टिकचं पान) स्क्रू काढून ते उलटं केल्यावर खरा प्रकार दिसला. पिकअपच्या पोटाला एक काळपट, आडवी चुंबकपट्टी चिकटवलेली होती. ती सिरॅमिक पट्टी. वरचे सहा खांब नुसते लोखंडी. स्ट्रॅटच्या खऱ्या अल्निको सिंगल कॉइलला खाली अशी पट्टी नसते. तिथे सहा खांबांची टोकं दिसतात आणि मधे काही नसतं. क्लासिक व्हाइबला कारखान्यातूनच अल्निको पिकअप येतात. म्हणजे मालकाने पैसे मोजून आपले चांगले पिकअप दुकानात सोडले आणि स्वस्तातले घरी आणले. आणि डुगडुग थांबली ती याच कारणाने: या पिकअपची तारेवरची ओढ कमी असते.

बाकीची कलमंही तपासली. कपॅसिटर ऑइलचा नव्हता, तर हिरवा, साधा, वर 104 छापलेला. 104 म्हणजे 0.1 मायक्रोफॅरड. स्ट्रॅटला 473, म्हणजे 0.047, किंवा 223, म्हणजे 0.022 चालतो. 0.1 लावला की टोनचा नॉब शून्याकडे नेताना आवाज फार लवकर कोंदट होतो. पॉटवर कारखान्याचं सोल्डर जसंच्या तसं होतं, म्हणजे ते बदललेच नव्हते. नटच्या कडेची लॅकरची मूळ रेघ कुठेही तुटलेली नव्हती. या गिटारला हाडाचा नट आधीपासूनच असतो. जे आहे तेच पुन्हा विकलं गेलं.

मल्टीमीटरवर पूर्ण भरवसा ठेवू नका. केबल जोडून, व्हॉल्यूम पूर्ण ठेवून केबलच्या दुसऱ्या टोकाला टिप (टोक) आणि स्लीव्ह (बाहेरची नळी) यांच्यामधला रोध मोजला की पिकअपचा अंदाज येतो. 6 किलोओमचा पिकअप 250 किलोओमच्या पॉटसोबत साधारण 5.86 दाखवतो, कारण दोन्ही समांतर असतात. पिकअप निवडायचा स्विच दोन किंवा चार नंबरला असला की दोन पिकअप एकत्र चालू असतात, म्हणून आकडा निम्म्यावर येतो. पण सिरॅमिक पिकअपही 5 ते 6 किलोओमचा असू शकतो. आकड्यावरून तारेचं वेटोळं कळतं, चुंबक कळत नाही. ‘मीटरवर बघा, रीडिंग बरोबर आहे’ असं म्हणून गप्प करणारे भेटतात. पिकअप उलटा करून दाखवायला सांगा.

आता अपग्रेडच्या आधी विचारायचा प्रश्न: गिटार त्या लायकीची आहे की नाही? सगळ्यात आधी गळा बघायचा, कारण पिकअप उद्याही बदलता येतात, गळा सहसा नाही. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार दाबून सातव्या-आठव्या फ्रेटवरची फट बघा. 0.25 मिलिमीटरच्या आसपास, साधारण व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी, असली की ठीक. जास्त असेल तर ट्रस रॉड (गळ्याच्या आतली सळई) पाव फेरा फिरवून गिटार ठेवून द्यायची, मग पुन्हा मोजायचं. ट्रस रॉडचा नट पूर्ण कसला गेला तरी गळा सरळ होत नसेल, किंवा हेडस्टॉककडून (खुंट्या असतात त्या टोकाकडून) बघितल्यावर दोन्ही कडा पिळल्यासारख्या दिसत असतील, तर त्या गिटारवर एक रुपयाही घालू नका. मात्र कोकणात, मुंबईत पावसाळ्यात दमटपणाने गळा थोडा हलणारच. तेवढ्यावरून ‘नेक गेला’ असं कुणी म्हटलं तर मोजून दाखवायला सांगा.

मग फ्रेट. पहिल्या तीन-चार फ्रेटवर बारीक तारांखाली खाचा पडल्या असतील आणि घासून समतल केल्यावर फ्रेटला पुरेशी उंची उरत नसेल, तर रिफ्रेटचा (नवे फ्रेट बसवण्याचा) खर्च धरा. स्वस्त गिटारच्या बाबतीत तिथेच हिशेब संपतो. तेवढ्या पैशांत वापरलेली पण बरी गिटार मिळते.

ट्यूनिंग टिकत नाही म्हणून लॉकिंग ट्यूनर (तार आवळून धरणाऱ्या खुंट्या) विकले जातात, तेही घाईने घेऊ नयेत. खुंटी फिरवताना नटपाशी ‘टिंग’ असा आवाज येत असेल तर तार खाचेत अडकते आहे. खाच नीट घासून तिच्यात पेन्सिलचं शिसं लावा. नव्या तारा बसवल्यावर ताणून घ्या. इतकं करूनही तार उतरत असेल तरच ट्यूनरकडे वळा.

सुटे भाग बसतील का, हे ऑर्डर देण्याआधी मोजा. सीटीएस कंपनीच्या पॉटला साधारण 9.5 मिलिमीटरचं भोक लागतं. आशियाई बनावटीच्या बऱ्याच गिटारींत ते लहान असतं आणि जुने नॉबही त्याच्या दांड्यावर बसत नाहीत. ब्रिजवर (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) पहिल्या ते सहाव्या तारेचं अंतर कुठे 52 मिलिमीटर असतं, कुठे 56. स्क्वायरच्या अॅफिनिटी मालिकेतल्या पातळ बॉडीला ब्रिजखालचा पूर्ण उंचीचा स्टीलचा ब्लॉक लावला तर तो मागून बाहेर डोकावतो. हंबकर (दुहेरी वेटोळ्याचा पिकअप) घालत असाल तर 500 किलोओमचे पॉट धरा, नाहीतर वरची धार जाते. ऑइल कपॅसिटरवर जास्तीचे पैसे घालू नयेत असं आमचं ठाम मत आहे. मूल्य तेच असेल तर दहा-वीस रुपयांचा फिल्म कपॅसिटर पुरतो. आणि बदललेल्या भागांची किंमत गिटार विकताना क्वचितच परत मिळते, म्हणून मूळ भाग सांभाळून ठेवा.

ते सांभाळायचे तर आधी परत मागावे लागतात. गिटार देण्यापूर्वी पिकगार्ड उघडून आतल्या वायरिंगचे, प्रत्येक पिकअपच्या पाठीचे, पॉटवरच्या आकड्यांचे फोटो काढा. बिलावर भागाचा मॉडेल क्रमांक आणि ‘जुने भाग परत’ ही ओळ लिहून घ्या. दुकानदार ते स्क्रॅप म्हणून ठेवून घेऊ पाहत असेल तर काम तिथे देऊ नका. नव्या पिकअपचं बंद खोकं आपल्यासमोर फोडायला सांगा.

आधीच फसला असाल तर संशयित पिकअप लगेच सोल्डर काढून वेगळा करू नका. आधी तो वायरीसकट जागेवर असताना, गिटारचा सीरियल क्रमांक दिसेल असा सलग व्हिडिओ घ्या. मग दुकानाला लेखी कळवून जुने भाग आणि रक्कम मागा, मुदत द्या. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार नोंदवा. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग आहे: 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारशुल्क लागत नाही, वकील सक्तीचा नाही, आणि मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची. पैसे यूपीआयने दिले असतील तर तो व्यवहार क्रमांकही जोडा. रोखीने दिले आणि बिल घेतलं नाही, तर व्हॉट्सअॅपवरचं दराचं बोलणं पुसू नका, तेही पुरावा म्हणून दाखवता येतं.