सकाळची वाटी: पाच पाकिटे आणि दादर ज्वारीची एक पिशवी

मार्चच्या तपासणीत नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची, रक्तातील साखर वाढलेली निघाली. डॉक्टरांनी रोजचे पोहे आणि रविवारची कचोरी बंद करून 'होल ग्रेन' न्याहारी सुरू करण्यास सांगितले. कोणती, हे त्यांनी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. त्यामुळे जळगावातील एका मोठ्या दुकानाच्या मांडणीपुढे उभी राहून मी एकाच दिवशी पाच पाकिटे उचलली आणि पुढचे दोन महिने घरात त्यांची परीक्षा चालली. नानांचे सगळे आयुष्य अमळनेरकडे भाकरीवर गेलेले. पहिल्या सकाळी वाटीत पाहून त्यांनी "हाई काय शे?" एवढेच विचारले, पण त्या प्रश्नाचे नेमके उत्तर पाकिटाच्या दर्शनी बाजूवरून मला देता येईना.

'होल ग्रेन' म्हणजे अख्खे धान्य: कोंडा, अंकुर आणि मधला पिठूळ गाभा हे तिन्ही भाग मूळ प्रमाणात शाबूत असलेले धान्य. चोथा (लेबलवरचे 'फायबर') मुख्यतः कोंड्यात असतो आणि तेल व जीवनसत्त्वे अंकुरात असतात. दळल्याने किंवा चपटे केल्याने धान्याचे अख्खेपण जात नाही; कोंडा आणि अंकुर काढून टाकल्याने जाते. 'मल्टीग्रेन' या शब्दाचा याच्याशी काही संबंध नाही. पाच धान्ये आहेत एवढेच तो सांगतो, मग ती पाचही कोंडा काढलेली असोत. म्हणून पाकीट उलटे करून घटकांची यादी वाचावी. आपल्याकडील नियमांनुसार घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, त्यामुळे पहिली तीन नावे वाचली की बहुतेक निकाल लागतो. चॉकलेटच्या चवीच्या मल्टीग्रेन पाकिटात दुसरे नाव साखरेचे होते. ते पाकीट भाच्याने दोन दिवसांत संपवले; त्याबद्दल यापेक्षा अधिक लिहिण्यासारखे नाही.

साध्या कॉर्नफ्लेक्सने माझी खरी निराशा केली, कारण इतकी वर्षे मी ते अख्खे धान्यच समजत होते. प्रत्यक्षात ते मक्याचा अंकुर आणि साल काढून उरलेल्या कण्यांपासून करतात. त्यामुळे माझ्या पाकिटावर १०० ग्रॅममागे चोथा जेमतेम ३ ग्रॅम होता, आणि मीठही अपेक्षेपेक्षा बरेच जास्त. या पदार्थाचा उगम अमेरिकेतील बॅटल क्रीक येथील आरोग्यधामात झाला आणि त्यात साखर घालावी की नाही यावरून केलॉग बंधूंचे बिनसले, हा इतिहास गमतीचा आहे. त्यातील डॉक्टर भाऊ साखरेच्या विरोधात होता. १९०६ मध्ये कंपनी काढली ती दुसऱ्या भावाने.

सुक्या मेव्याची म्युसली चवीला सर्वांत सरस, आणि हिशेबाला सर्वांत फसवी निघाली. तिच्यातले पहिले नाव ओट्सचे होते, हे चांगलेच. मात्र लालसर तुकडे फळाचे म्हणून दिसत होते, ते पाकात मुरवलेल्या पपईचे, म्हणजे आपल्या टुटीफ्रुटीचेच निघाले. लेबलवर १०० ग्रॅममागे एकूण साखर २२ ग्रॅम आणि त्यांतील वरून घातलेली १५ ग्रॅम होती. पाकिटावर एका वेळचे प्रमाण ३० ग्रॅम छापले होते. मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ३० ग्रॅम म्युसली तोलली, तर नानांच्या नेहमीच्या वाटीचा तळ झाकून थोडीशीच वर आली. त्यांनी आपल्या हाताने घेतलेली वाटी भरली ७० ग्रॅम, म्हणजे वरून घातलेली साखर साडेदहा ग्रॅम, चहाचे जवळजवळ अडीच चमचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये अशी साखर दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली आणि शक्यतो ५ टक्क्यांखाली, म्हणजे साधारण २५ ग्रॅमपर्यंत ठेवण्यास सुचवले आहे. मधुमेह नसलेल्यालाही त्यातला एवढा वाटा दात घासल्यावर पहिल्या घासाला संपवणे परवडणारे नाही. ४०० ग्रॅमला मी ३१० रुपये मोजले होते, ही तक्रार वेगळीच.

साध्या चपट्या ओट्सबद्दल मात्र माझे मत चांगले झाले. यादीत एकच घटक, चोथा १० ग्रॅम आणि साखर नावापुरती. ओट्समधील बीटा-ग्लुकान हा विरघळणारा चोथा कोलेस्टेरॉल कमी करण्यास हातभार लावतो, हे मान्य झालेले आहे. फक्त मसाल्याच्या पुडीसह मिळणारे, तीन मिनिटांत होणारे ओट्स घेऊ नयेत. ते बारीक केलेले असल्याने त्यांची साखर रक्तात लवकर उतरते, आणि पुडीतले मीठ वेगळे. जाड ओट्स मी लसूण, हिरवी मिरची आणि शेंगदाण्याच्या कुटात शिजवते. हे खाताना नानांनी प्रश्न विचारला नाही.

पाचवे पाकीट ज्वारीच्या पोह्यांचे होते. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरे झाल्यापासून असे पोहे सगळीकडे दिसू लागले आहेत. मी घेतलेले चांगले होते, पण ते पारखण्याची एक खूण सांगते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांनुसार अख्ख्या ज्वारीत १०० ग्रॅममागे सुमारे १० ग्रॅम चोथा आणि तितकेच प्रथिन असते. पोह्यांच्या पाकिटावर चोथा ४-५ ग्रॅमच छापलेला असेल, तर धान्य पॉलिश करून कोंडा काढलेला असण्याची शक्यता मोठी, मग दर्शनी बाजूवर कणसाचे कितीही सुंदर चित्र असो. माझ्या पाकिटावर ८.५ होता. कढईत कोरडे परतून, वरून फोडणी देऊन त्यांचा चिवडाही उत्तम होतो. दुधात मात्र ते दोन मिनिटांत लगदा होतात.

याच उत्साहात मी मे महिन्यात बाजरीचे पोहे आणले आणि पस्तावले. पाकीट फोडताच खवट वास आला. अंतिम तारीख तीन महिने पुढची होती, पण दुकानदाराचा माल पत्र्याच्या शेडमध्ये राहत होता आणि त्या आठवड्यात पारा ४४ अंशांवर होता. बाजरीत ज्वारीच्या जवळजवळ तिप्पट तेल असते आणि ते लवकर कडवटते, म्हणूनच आपल्या घरांत बाजरीचे पीठ आठवड्यापुरतेच दळून आणतात. दुकानदाराने पैसे परत दिले नाहीत. "सगळे असेच घेतात" हे त्याचे उत्तर. खानदेशच्या उन्हाळ्यात अख्ख्या धान्याची पाकिटे लहान घ्यावीत आणि तयार केल्याची तारीख पाहावी, एवढे मी त्यातून शिकले.

आणि मग दाणा बाजारातून आणलेली दादरची पिशवी. तापीकाठच्या काळ्या जमिनीतील ही रब्बी ज्वारी, ६० रुपये किलो. निवडून, चक्कीवर भरडून, चाळणीने पीठ वेगळे केले. त्या पिठाची भाकरी झाली आणि उरलेल्या कण्या. रात्री एक वाटी कण्या चार वाट्या पाण्यात भिजत घालायच्या, सकाळी त्याच पाण्यात मीठ घालून कुकरमध्ये पाच शिट्ट्या, झाकण उघडल्यावर मऊ झालेला पण दाताला कण लागणारा भात दिसतो, तो थोडा निवला की ताक आणि लसणाची फोडणी. दाणा भरडलेला असला तरी तो पिठासारखा बारीक नसतो, त्यामुळे पचायला वेळ घेतो, आणि नाना दुपारी एकपर्यंत काही मागत नाहीत. नागपंचमीच्या ज्वारीच्या लाह्याही अख्खे धान्यच, बिनसाखरेच्या. पण त्या फुलून हलक्या झालेल्या असल्याने लवकर पचतात, म्हणून दह्यात शेंगदाण्यांसह मूठभरच देते.

सध्या आठवड्यात चार दिवस कण्या, दोन दिवस ओट्स आणि एक दिवस ज्वारीचे पोहे असा क्रम आहे. पाकिटांपैकी ओट्स आणि ज्वारीचे पोहे मी पुन्हा घेईन, म्युसली पाहुण्यांसाठी, बाकी नाही. कण्या करायच्या असतील त्यांनी चक्कीवर सकाळी लवकर जावे. भरड काढायला चक्कीवाल्याला दगड सैल करावे लागतात, आणि एकदा गव्हाच्या डब्यांची रांग लागली की तो "ताई, पीठच करून देतो" म्हणून मोकळा होतो.