सीझरचा देनारियस की ब्रूटसचा?

देनारियस म्हणजे प्राचीन रोमचं नाणं. दोन्ही नाणी चांदीची, वजनाला जेमतेम पावणेचार-चार ग्रॅम, आणि मध्ये अंतर फार तर दोन वर्षांचं. इ.स.पू. ४४ च्या सुरुवातीच्या नाण्यावर रोमचा सत्ताधीश ज्यूलियस सीझर आहे: डोक्यावर पानांचा मुकुट, सुरकुतलेली मान आणि शेजारी ‘तहहयात हुकूमशहा’ हा किताब. रोममध्ये जिवंत माणसाचा चेहरा नाण्यावर आणणं तोवर रीतीबाहेरचं होतं. काट्याच्या बाजूला व्हीनस ही प्रेमदेवता, कारण ज्यूलियस घराणं स्वतःला तिचं वंशज म्हणवायचं.

ब्रूटस हा सीझरच्या मारेकऱ्यांपैकी एक; त्याचं नाणं इ.स.पू. ४३-४२ मधलं, सैन्यासोबत फिरणाऱ्या टांकसाळीतलं. त्याचा काटा बघतच राहावा असा: दोन खंजीर, मध्ये मुक्त झालेल्या गुलामाची टोपी, म्हणजे स्वातंत्र्याची खूण, खाली ‘एइद मार’, म्हणजे १५ मार्च, सीझरच्या खुनाची तारीख. नीट पाहिलं तर दोन्ही खंजिरांच्या मुठीही वेगळ्या. खुनाची अशी उघड जाहिरात दुसऱ्या नाण्यावर मी तरी पाहिलेली नाही.

पण छापा? तिथे ब्रूटसचाच चेहरा! हुकूमशहाला संपवणाऱ्यानं त्याचीच खोड उचलली. कलाकुसरीत मला सीझरचं नाणं सामान्यच वाटतं. एकच निवडायचं झालं, तर मी खंजीरवालं घेईन.