फोटो ठेवायचे कुठे: हार्डडिस्क, एसएसडी की क्लाउड?

ऐरोलीहून बोटीने फ्लेमिंगो बघायला गेलो की माझे पाचशे फोटो सहज होतात. २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची एक रॉ (म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली कच्ची) फाइल साधारण २५-३० एमबीची, म्हणजे एका फेरीत १२ ते १५ जीबी. लॅपटॉपची एसएसडी (चिपवर डेटा साठवणारी डिस्क) २५६ जीबीची. विंडोज ती २३८ दाखवतं आणि त्यातही बरीच जागा स्वतःच अडवून बसतं. बिल्डरच्या सुपर बिल्ट-अपसारखा प्रकार.

तुमच्याकडे ६०० जीबी फोटो आहेत असं धरू.

क्लाउडचं आकर्षण मोठं. पण गुगल फोटोजचं अमर्याद फुकट प्रकरण १ जून २०२१ला संपलं. आता १५ जीबी मिळतात, तेही जीमेल आणि ड्राइव्हसकट. आयक्लाउडवर तर ५च. पुढे भाडं, आणि ते कायमचं. शिवाय घरच्या इंटरनेटचा अपलोड वेग ४० एमबीपीएस असेल तर ६०० जीबी चढवायला न थांबता ३३ तास लागतात. तेवढंच साध्या हार्डडिस्कवर पावणेदोन तासांत उतरतं.

क्लाउडची खरी गोम वेगळीच आहे. गुगल फोटोजमध्ये ‘जागा मोकळी करा’ म्हटलं तर फक्त फोनवरची प्रत जाते. पण त्याच अ‍ॅपमध्ये फोटो डिलीट केला की क्लाउडवरचाही जातो. बॅकअप झालेला असेल तर ६० दिवस ट्रॅशमध्ये असतो, मग संपलं. घरात आईबाबा फोन वापरत असतील तर हा फरक त्यांना आधी समजावा. मी समजावला नव्हता. मावसबहिणीच्या हळदीचे फोटो असेच गेले.

हार्डडिस्क की एसएसडी? एसएसडी वेगवान, आणि आत फिरणारं काही नसल्यामुळे टेबलावरून पडली तरी बहुधा वाचते. रोजच्या एडिटिंगला तीच घ्या. पण वर्षानुवर्षं कपाटात ठेवायला मला नको वाटते: तिच्यातला डेटा विद्युतभाराच्या रूपात असतो आणि वीज न मिळता पडून राहिली तर तो ओसरू शकतो. साठवणीला हार्डडिस्क. खाडीकाठच्या दमट पावसाळ्यात मात्र ती सिलिका जेल टाकून घट्ट डब्यात ठेवा. लेन्ससाठी ठेवता तशीच.

लाइटरूम क्लासिक हे फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर आयात करताना स्मार्ट प्रीव्ह्यू बनवा. २५६० पिक्सेल लांबीची हलकी प्रत लॅपटॉपवर राहते, मूळ फाइली डिस्कवर. डिस्क घरी ठेवूनही ठाणे-वाशी लोकलमध्ये (बसायला मिळालंच तर) काम चालतं. फोल्डर हलवायचे ते लाइटरूममधूनच. बाहेरून हलवलेत तर फोल्डरवर प्रश्नचिन्ह येतं आणि प्रत्येक फोटोवर उद्गारचिन्ह.

कोणता पर्याय निवडायचा? फक्त फोनचेच फोटो असतील तर क्लाउडचं भाडं भरा आणि मोकळे व्हा. कॅमेरा असेल तर दोन हार्डडिस्क घ्या, एक नव्हे. लॅपटॉपवरून उचलून एकाच डिस्कवर टाकलेला फोटो म्हणजे फक्त घर बदललेला फोटो; बॅकअप नाही. क्लाउडवर निवडक शंभर-दोनशे टाकले तरी पुरे.

दुसरी डिस्क दुसऱ्या घरात हवी. माझी ठाण्याला बहिणीकडे नौपाड्यात असते. भाऊबीजेला जाताना ताजी प्रत घेऊन जातो आणि तिच्याकडची जुनी भरायला परत आणतो. ओवाळणीच्या पाकिटासोबत डिस्कही हातात दिली की ती म्हणते, “ही मात्र पुढच्या वर्षी परत मागशील.”