काइशू आधी की त्साओशू? चिनी सुलेखन बघताना

चिनी सुलेखनाच्या दोन लिपीशैली, नीटस काइशू आणि वेगवान, जोडत जाणारी त्साओशू. नवख्याने आधी कुठली बघावी? त्यासाठी प्रत्येकीचा एक नमुना घेऊ, दोन्ही चीनच्या थांग राजवटीच्या काळातलेच. सुलेखनकार यान चेनछिंगचा ७७९ चा ‘यान छिनली’ शिलालेख चीनमधल्या शिआन शहराच्या शिलालेख संग्रहालयात आहे. भिक्षू-सुलेखनकार ह्वायसूची ७७७ ची ‘आत्मकथन’ गुंडाळी तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात.

यानची लिपी काइशू, म्हणजे प्रत्येक अक्षर सुटं, जणू अदृश्य चौकटीत बसवलेलं. आडव्या रेषा बारीक, उभ्या जाड. उजवीकडे उतरणाऱ्या तिरक्या रेषेचं टोक नीट बघा: कुंचला दाबून थांबतो, मग उचलून टोक काढतो, तिथे छोटी खाच दिसते. पण हे दगडावर कोरलेलं आहे आणि आपण बहुधा त्याचा कागदावर घेतलेला, काळ्यावर पांढरा ठसा पाहतो. शाईची ओल-कोरड त्यात उरत नाही.

ती हवी तर ह्वायसू. सुमारे साडेसात मीटर लांब कागद, १२६ ओळी, ७०२ अक्षरं, लिपी वेगवान त्साओशू. उजवीकडून सुरुवात करून वरून खाली नजर न्या. रेघ जवळपास एकाच जाडीची, तारेसारखी. शाई कुठे फिकी पडते, कुंचला पुन्हा कुठे बुडवला, ते शोधत जा. शेवटाकडे ‘दाइ गोंग’ ही दोन अक्षरं एकदम प्रचंड होतात. तिथे थांबायलाच हवं. पहिल्या सहा ओळी मात्र ह्वायसूच्या नाहीत, त्या नंतर सोंग काळातल्या सू शुनछिनने भरल्या.

नवख्याने त्साओशूपासून सुरुवात केली तर सगळाच गुंता वाटतो, कारण कुठली रेघ अक्षराची आणि कुठली नुसता जोड, हे कळत नाही. म्हणून आमचं मत: आधी यान. तरी भान हरपून बघावं असं ह्वायसूकडेच जास्त आहे.