द्रुतगती मार्गावरील वेगनियंत्रण: घाटात पटते, इतरत्र शंका येते

मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावरून माझी महिन्यातून दोन-तीनदा ये-जा असते. जुलै २०२४ पासून तेथे कमानींवरचे कॅमेरे वेग टिपतात आणि चलान थेट मोबाइलवर येते. ही यंत्रणा सुरक्षेसाठी आहे की वसुलीसाठी, याची चर्चा फूड मॉलवरच्या चहासोबत हमखास रंगते.

कारसाठी सपाटीवर ताशी १०० आणि बोरघाटात ६० किलोमीटर ही मर्यादा आहे. शंभराची सवय झालेल्या पायाला साठ हा वेग रांगल्यासारखा वाटतो, हे मी मान्य करतो. मात्र ब्रेक दाबल्यानंतर गाडी थांबायला लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने, साठच्या तुलनेत शंभरच्या वेगाला ते जवळपास पावणेतीन पट होते, आणि खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना पुढच्या वळणापलीकडे एखादा बंद पडलेला ट्रेलर उभा असेल, तर तेवढे अंतर हाताशी नसते. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर टाकून उतरणारे चालक इथे आजही आहेत. इंजिनाचा अटकाव गेला की सारा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापल्याचा तो करपट वास पावसाळ्यात काच बंद असतानाही मला आला आहे. म्हणून घाटातल्या मर्यादेला माझा पूर्ण पाठिंबा आहे. या मार्गावर दोन ठिकाणांमधला सरासरी वेग मोजण्याची सोयही आहे आणि ती मला सर्वांत न्याय्य वाटते, कारण कॅमेऱ्यापुरते ब्रेक दाबून पुन्हा सुसाट निघणाऱ्याला तिच्यातून सुटका नाही.

दुसऱ्या एका महामार्गावरचा माझा अनुभव मात्र वेगळा आहे. तेथे उड्डाणपुलाच्या उतारावर मर्यादा एकदम खाली येते. तिचा फलक कडुलिंबाच्या फांदीआड होता आणि उतार संपतो तिथेच वेग मोजणारी गाडी उभी होती. चलान आले, ते मी भरले. पण परतीच्या प्रवासात थांबून पाहिले, तेव्हा फलकाचा अर्धा आकडाच दिसत होता. ऑगस्ट २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार कॅमेऱ्याने तपासणी होते तेथे आधी ठळक सूचनाफलक असणे आणि गुन्ह्यानंतर पंधरा दिवसांत नोटीस मिळणे आवश्यक आहे. चालकाने वेळीच वेग कमी करावा, हाच फलकाचा उद्देश असतो, आणि तो झाकला गेला असेल तर त्या जागी जमा होणाऱ्या दंडाला सुरक्षेचे नाव देता येत नाही.

बोरघाटातल्या व्यवस्थेला मी पाचपैकी चार गुण देईन. एक गुण राखून ठेवतो, कारण चलानासोबत आपल्या गाडीचे छायाचित्र येते, तसे त्या ठिकाणच्या मर्यादेच्या फलकाचेही यायला हवे.