पाणी चांगलं, पण मेंबरची रांग वेगळी

मे महिन्यात लातूरहून लेकरांना घेऊन वॉटर पार्कला गेलो. पाणी स्वच्छ, लाइफगार्ड जागेवर, वडापाव बरा.

राग आला तो मोठ्या घसरगुंडीच्या रांगेत. चपला बाहेर काढायला लावलेल्या, फरशी तापलेली. ४० मिनिटं उभे होतो. पाय पोळायला लागले तेव्हा लेकीला माझ्या पावलांवर उभं केलं. दोरीपलीकडून सोनेरी पट्टीवाले मेंबर तीन-तीनदा घसरून गेले. सावलीतली बाकं त्यांची, थंड पाण्याचा जारही त्यांचाच. लेक म्हणाली, "पप्पा, आपल्याला तशी पट्टी का नाही?"

कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्येही १९६७ पासून सदस्यांपुरता 'क्लब ३३' नावाचा जेवणाचा क्लब आहे. पण तिथं जेवण बंद दारामागं चालतं; इथं सगळं लेकरांच्या डोळ्यांदेखत. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत टँकरपुढं सगळ्यांच्या घागरी एकाच रांगेत असायच्या. मधी घुसणाऱ्याला बायका हात धरून मागं पाठवायच्या.

मेंबरला वेगळी खोली द्या, जेवण द्या. रांगेवर मांडव आणि प्यायचं पाणी मात्र सगळ्यांना पाहिजे. मॅनेजरना तोंडावर सांगून आलोय. पाचपैकी दोन स्टार.