प्रश्नावली पाठवायची की माणूस तपासायचा?

लहानपणी कर्करोगातून बरी झालेली मुलं मोठेपणी कशी आहेत, याचा अभ्यास आखताना हा पेच पहिल्याच दिवशी पडतो. दोन्ही वाटा अमेरिकेत मळलेल्या आहेत. चाइल्डहूड कॅन्सर सर्व्हायव्हर स्टडी १९९४ पासून मुख्यतः प्रश्नावलीवर चालते. मेम्फिसच्या सेंट ज्यूड या मुलांच्या रुग्णालयाची लाइफटाइम कोहॉर्ट (वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेला गट) २००७ पासून माणसांना प्रत्यक्ष बोलावून तपासते.

प्रश्नावलीचं बळ संख्येत. २००६ साली त्या पहिल्या अभ्यासात बऱ्या झालेल्या दहा हजारांवर लोकांची माहिती मांडली गेली, शिवाय तुलनेला भावंडं होती. पुढे नव्याने होणारा दुसरा कर्करोग मोजायचा तर इतकी माणसं लागतातच, आणि ते उत्तर पॅथॉलॉजी रिपोर्टशी ताडूनही घेता येतं.

खटकतं ते वेगळंच. 'ऐकू नीट येतं का?' याला माणूस मनापासून 'हो' लिहितो. सिस्प्लॅटिन हे कर्करोगाचं औषध आधी वरच्या पट्टीचं ऐकणं खातं, ६०००-८००० हर्ट्झचं. बोलणं बरंचसं त्याखाली, फार तर 'स' आणि 'श'ची गल्लत होते, त्यामुळे घरात कुणाच्या लक्षात येत नाही. ऑडिओग्रामची, म्हणजे श्रवणचाचणीच्या आलेखाची, रेघ मात्र उजवीकडे घसरलेली असते. खोटं कुणीच बोललेलं नाही आणि तुमच्या तक्त्यात 'ऐकणं ठीक'! अँथ्रासायक्लिन गटातल्या कर्करोगाच्या औषधांनी दुबळ्या झालेल्या हृदयाचंही तेच. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, होईपर्यंत अनेकदा तक्रारच नसते. सेंट ज्यूडने २०१३ साली १,७१३ जणांच्या तपासण्या मांडल्या, त्यात फुप्फुसांना धोका असलेले उपचार घेतलेल्यांपैकी ६५.२ टक्क्यांच्या फुप्फुसचाचण्या बिघडलेल्या निघाल्या. यातलं कागदावर किती उतरलं असतं?

तपासणी महाग पडते, आणि येऊ शकतात तेच येतात. अंथरुणाला खिळलेला प्रवास करत नाही, ठणठणीत असलेला रजा काढत नाही. न आलेल्यांचं वय, आजार आणि उपचार केसपेपरवरून टिपून ठेवले तर निदान फरक दाखवता येतो.

तरी दोन-अडीचशेच माणसं हाताशी असतील, तर मी तपासणीकडे झुकेन. मुंबईत टाटा मेमोरियलचं उपचारोत्तर क्लिनिक १९९१ पासून आहे; अशा ठिकाणी लोक फॉलो-अपला येतातच, त्याच फेरीत ऑडिओग्राम, इको, टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) उरकावं.

वाट कुठलीही धरा, डोस केसपेपरमधूनच काढावे लागतात. डॉक्सोरुबिसिन, डॉनोरुबिसिन, मायटोझँट्रोन या हृदयाला अपाय करू शकणाऱ्या औषधांचे डोस, शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रति चौरस मीटर मिलिग्रॅममध्ये, वेगवेगळ्या रकान्यांत ठेवा. बेरजेसाठी प्रत्येक औषधाचा डोस एका गुणकाने डॉक्सोरुबिसिनच्या मापात आणतात; मायटोझँट्रोनचा गुणक आधी ४ धरत, आता १० धरतात; नुसती बेरीज लिहून ठेवणाऱ्याला पुन्हा रेकॉर्ड रूमची पायरी चढावी लागते.